एका ‘व’ची जागा

४ फेब्रुवारी

भिंत, आशीर्वाद.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा रिकामा बसून तुझ्या त्या जर्सीची खरी किंमत काढली. पैसे धरले नाहीत, ते येतात-जातात. धरलं ते असं: तुझ्या उजव्या हाताची करंगळी, जी आता सरळ होत नाही. तुझा पुढचा अर्धा दात. नर्सिंगचं वर्ष, जे तू ‘पुढच्या वर्षी करीन’ म्हणून सोडलंस आणि जे दरवर्षी पुढेच सरकतंय. माझ्या मागच्या खोलीची काच. आणि तुझ्या आईचा डावा कान. तुला सकाळी मैदानावर नेता यावं म्हणून ताईनं पत्र्याच्या कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली, आणि दुपारच्या पाळीत ठोकायचं मशीन नेमकं तिच्या डाव्या बाजूला आलं. एवढं देऊन घरात आली एक जर्सी, आणि तीसुद्धा काखेत काचते असं तू लिहितेस. तरी मी म्हणतो, स्वस्तात पडली.

देशाच्या फुटबॉल संघात माझी भाची. शिडीवर चढलो की हे वाक्य मी स्वतःशीच म्हणून बघतो आणि मग शिडी घट्ट धरतो. चौकात बातमी मीच सांगितली. न्हावी म्हणाला, ‘पेंटर, बायकांचाही फुटबॉल असतो का हो?’ माझी मान त्याच्या वस्तऱ्याखाली होती, म्हणून जरा सभ्य उत्तर दिलं.

तुला आठवतं का, तुझं नाव भिंत कसं पडलं? मी कुणाच्या तरी भिंतीवर जाहिरात रंगवून आलो की गल्लीतली पोरं नेमका तिथेच चेंडू मारायची. तुला मी उभी केली, ‘रंग वाळेपर्यंत एकही चेंडू लागू द्यायचा नाही’ असं सांगून. रंग वाळला तरी तू हलली नाहीस. तुला शिकवणाऱ्यांनी पुढे बरंच शिकवलं असेल, पण गोलकीपर तुला मी केलं, हे त्या तुझ्या सरांना सांगून ठेव.

शिबिरात फोन आहे म्हणतेस, पण तो मॅनेजरबाईंच्या टेबलावर, आणि बाई खुर्चीत बसलेल्या. नको. पत्रच लिही. आणि मला लिहिताना शब्द जपून वापरलेस तरी चालेल. मी शाळा अर्ध्यात सोडली, अक्षरं शिकलो ती दुसऱ्यांच्या जुन्या पाट्या खरवडताना. पण माझे कान तिखट आहेत. ‘जुने आणि विश्वासाचे दुकान’ असं लिहायला कुणी आला की मला कळतं, शेजारी नवं दुकान निघालंय. ‘आमची कोठेही शाखा नाही’ म्हणजे भाऊ वेगळा झाला आणि त्यानं समोरच गाळा घेतला. माणूस शब्द सांगतो, मला त्याच्यामागचा शब्द ऐकू येतो. आपल्या घरात ऐकणारा आता मी एकटाच. ताईला हाक मारायची तर उजव्या बाजूला जाऊन मारावी लागते, आणि तरी ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

खा, झोप, आणि त्या जर्सीची काख शिंप्याकडून उसवून घे.

मामा

२० फेब्रुवारी

मामा,

जर्सीची काख उसवायला परवानगी लागते. ती संघाची आहे, आपली नाही. दौरा संपला की धुऊन परत करायची. तेव्हा तू काढलेल्या किमतीत ‘भाड्याने’ असा एक शब्द घाल.

हे पत्र मी धुणं न्यायला येणाऱ्या बाईंच्या हातून बाहेर टाकतेय. आमची पत्रं मॅनेजरबाई उघडी मागून घेतात, वाचतात आणि मग डिंक लावतात. ‘संघातलं संघात राहावं’ म्हणतात. परदेशातून तर फक्त कार्डं टाकायची, तीही त्यांच्या हातून. म्हणून आत्ताच सगळं लिहिते.

एका खोलीत आठ खाटा आणि एक आरसा. आरशाशी सगळ्यात आधी जाते ती मोठी. तिचं नाव काही असो, आम्ही मोठीच म्हणतो. ती संघाची पहिली गोलकीपर, मी शाळेत होते तेव्हापासून. मी राखीव. ती माझ्याशी वाईट वागत नाही. ती माझ्याशी वागतच नाही. सरावात मी चेंडू अडवला की आपले हातमोजे काढून परत घालते, एवढंच.

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तिकडे तीन सामने आहेत. पहिले दोन तिचे, तिसरा तुझा.’ मी त्या दिवशी जेवले नाही, पोट भरल्यासारखं वाटत होतं.

आता वाईट सांगते. उजवा खांदा दुखतो म्हणून डॉक्टरांना दाखवला. आत थोडं फाटलंय म्हणाले. दीड-दोन महिने हात गळ्यात अडकवून बसलीस तर आपलं आपण भरून येईल, अशीच झेपावत राहिलीस तर एक दिवस सगळं तुटेल. सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. नाहीतर तुझ्याऐवजी दुसरी न्यावी लागेल.’ मी मान हलवली.

तीन सामने झाले की अर्धा संघ परत येणार आणि अर्धा पुढच्या देशात जाणार. तिथे जायचं की परत येऊन खांदा वाचवायचा, ते मला तिथेच ठरवावं लागेल. तिसरा सामना खेळले तर मी सुखानं परत येईन, मला आणखी काही नको. पण तसं झालं नाही तर माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तू सांग. मी कार्ड टाकीन. त्यावर सरळ काही लिहिता येणार नाही, बाई वाचणार. तुझे कान तिखट आहेत ना, तूच ऐक आणि तार कर. तू म्हणशील तसं करीन.

आईला खांद्याचं सांगू नकोस.

तुझी भिंत

१ मार्च

भिंत, आशीर्वाद.

ताईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिला ‘कांदा’ ऐकू आलं असतं.

खांद्याचं मी मनावर घेतलंय, पण घाबरलो नाही. डॉक्टर लोक पाटी लिहायला येतात तेव्हा बघतो मी, साधी सर्दी असली तरी तिच्यासाठी त्यांना फुटभर नाव लागतं. तिसरा सामना खेळ. मग बघू.

इकडे मी कामाला लागलोय. बसथांब्यासमोरची लांब भिंत आहे ना, गोदामाची, तिच्या मालकाला दाढी करताना गाठला आणि भिंत मागून घेतली. फुकट. खडूच्या दोरीनं रेघा मारल्या, शिरोरेषा ओढली, अक्षरं आखून ठेवली: ‘आपल्या चौकातली मुलगी देशाकडून खेळली’. रंग भरलेला नाही. तू खेळलीस की कळव, त्याच दिवशी भरतो. अक्षरं जरा मोकळी सोडलीत, शेवटचा शब्द तर ऐसपैस. ही माझी सवय तुला ठाऊक आहे. त्या सार्वजनिक भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ लिहिताना ‘न’ राहिला होता आणि आठवडाभर लोकांनी ‘येथे थुंकू ये’ वाचून आमंत्रण स्वीकारलं होतं. तेव्हापासून मी एखादं अक्षर मागाहून बसेल एवढी जागा ठेवतो.

न्हावी विचारत होता, राखीव म्हणजे काय. म्हटलं, राखीव म्हणजे राखून ठेवलेली. चांगली वस्तू माणूस रोज काढत नाही. त्याला पटलं. त्याला काहीही पटतं, फक्त समोरचा माणूस खुर्चीत बसलेला हवा.

कार्डाची काळजी करू नकोस. तू नुसता स्वल्पविराम टाकलास तरी मला कळेल.

मामा

२४ मार्च (कार्ड)

प्रिय मामा,

मी मजेत आहे. इथे रस्ते रुंद आणि स्वच्छ आहेत. हॉटेलच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात. कालच तिसरा सामना झाला. तिन्ही सामन्यांत सरांनी मला खूप खेळवलं. आता पुढच्या देशात येणार का, असं विचारतायत. परत जाणाऱ्यांचं विमान महिनाअखेर आहे. तू कळव. मॅनेजरबाई सगळ्यांची काळजी घेतात. अक्षर वाईट आलंय, हसू नकोस. कार्ड आईला वाचून दाखव.

भिंत

२९ मार्च (तार)

कार्ड मिळालं खेळवू दे नाही म्हणू नकोस इकडे भिंत रंगली मामा

२९ मार्च

भिंत, अनेक अनेक आशीर्वाद.

तार करून आलो, पण तारेत माणूस मावत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या पुढच्या हॉटेलच्या पत्त्यावर टाकतोय.

कार्ड पोस्टमननं काल दुकानातच दिलं. ‘तिन्ही सामन्यांत खूप खेळवलं.’ मी खालीच बसलो, नशीब डब्यावर झाकण होतं. सरांनी एक सामना कबूल केला होता, दिले तीन. म्हणजे मोठीला बाकावर बसवली आणि तुला उभी केली. बोल, राखून ठेवलेली वस्तू की नाही? आणि अक्षराचं काय लिहितेस, मला पेंटरला ते दिसणार नाही का? सह्या देऊन देऊन हात भरून आला असणार. वेलांट्या सगळ्या उजवीकडे लोळल्यात. परदेशातली पोरं कागद घेऊन मागे लागतात, मी चित्रात पाहिलंय.

संध्याकाळी ताई कामावरून येईपर्यंत मी कार्ड न्हाव्याला, शिंप्याला, गोदामाच्या मालकाला, बसथांब्यावरच्या दोन अनोळखी माणसांनासुद्धा वाचून दाखवलं होतं. मग ताईला दाखवलं. तिच्या उजव्या बाजूला उभा राहून, मोठ्यानं. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, काहीतरी पुटपुटली. कारखान्यातून आली की तिला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं ती पदरचं घालते. म्हटलं, ताई, पोरगी देशाकडून खेळली, आता तरी हस. ती पाणी तापवायला गेली. तुझे बाबा गेल्यापासून तिला आनंदाची सवय राहिलेली नाही.

सकाळी रंग भरला. लाल अक्षरं, त्यांना काळी सावली. बस थांबली की खिडकीत बसलेली माणसं वाचतात. एक म्हातारे गृहस्थ वाचायला खाली उतरले आणि त्यांची बस गेली. त्यांना मी माझ्या खर्चानं पुढच्या थांब्यावर पोचवलं.

खांद्याला तेल लाव. तीन सामने झेलले म्हणजे तो डॉक्टर खोटाच होता. नाही म्हणू नकोस, जितकं खेळवतील तितकं खेळवू दे. परत येऊन बसायला आख्खा जन्म पडलाय.

मामा

७ एप्रिल (कार्ड)

मामा,

तार मिळाली. पुन्हा पुन्हा वाचली. पत्र अजून आलेलं नाही. तू म्हणालास तसं केलं. सरांना हो सांगितलं. इथे थंडी आहे.

भिंत

६ मे

भिंत,

महिना होत आला, तुझं काही नाही. पोस्टमन आता मला बघून सायकल पलीकडच्या बाजूनं काढतो.

पेपरात संघ परत आल्याचा फोटो आला होता. भिंग घेऊन पाहिला. तू दिसली नाहीस. गोलकीपरला कडेला उभं करतात, छापताना कडा कापली गेली असेल. खाली निकालही दिलेत. आपण सगळे सामने हरलो हे कळलं, एका सामन्यात तर फारच गोल झाले. न्हावी म्हणाला, ‘पेंटर, तुमच्या भिंतीला भोकं फार दिसतात.’ दुकानात चार माणसं होती, ती हसली. मी म्हटलं, समोरून दहा पोरी मारत सुटल्या आणि आपल्या पोरी हात जोडून बघत राहिल्या तर एकटी भिंत काय करील? तू उभी राहा एकदा, तुझ्या दुकानात एवढा साबण नाही तेवढा तोंडाला फेस येईल. त्याच्याकडे जाणं सोडलंय. दाढी घरीच करतो, कापून घेतो.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. गोल खाल्ले तर खाल्ले. देशाकडून खाल्ले. शाळेच्या मोठ्या बाई विचारत होत्या, बक्षीससमारंभाला तू येशील का. मी हो सांगून टाकलं.

कुठे आहेस ते तरी लिही. ताई काही विचारत नाही, पण रोज दाराची कडी दोनदा काढून बघते.

मामा

२१ मे

मामा,

शिबिराच्या गावातल्या रुग्णालयात आहे. हे डाव्या हातानं लिहितेय. वेलांट्या आता डावीकडे लोळतील. सह्यांमुळे नाही.

तुझं मेचं पत्र शिबिरातून इथे आलं, आणि मार्चचंही मला इथे आल्यावरच मिळालं. ते माझ्या मागे मागे दोन देश फिरून आलं. तोपर्यंत मी तुझी तारच धरून बसले होते. पत्र वाचल्यावर कळलं की तू काय समजलास. की समजलास आणि तसं लिहिलंस? ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून आता सगळं सरळ लिहिते, कुणी वाचायला नाही.

मी एकही सामना खेळले नाही. एक मिनिटही नाही.

देशाकडून परदेशी जाणं म्हणजे काय, ते तुझ्या गिऱ्हाइकांना सांगायचं असेल तर असं सांग. राष्ट्रगीताला अकरा जणी मैदानात रांगेत असतात, आम्ही बाकासमोर उभ्या असतो. कॅमेरा रांगेच्या टोकाला येऊन वळतो. छातीवर देशाचं चिन्ह असतं आणि पाठीवर आकडा, पण दोन्ही कुणाला दिसत नाहीत, कारण राखीव खेळाडूला वरून जाकीट घालून बसावं लागतं. बाक सगळीकडे सारखाच असतो, गार. इतक्या लांब जाऊन मी जे पाहिलं ते मोठीची पाठ.

तिसरा सामना माझा, असं सर म्हणाले होते. आदल्या दिवशीही म्हणाले. सकाळी नाव वाचलं ते मोठीचं. ‘दुसऱ्या अर्ध्यात तुला उतरवतो.’ दुसरा अर्धा सुरू झाला, मोठीनं एक सोपा गोल खाल्ला. सर म्हणाले, ‘जाकीट काढ.’ मी काढलं. हातमोजे चढवले, रेषेपाशी जाऊन उभी राहिले, पंचांचा माणूस आकड्याची पाटी घेऊन शेजारी आला. मामा, माझे पाय रेषेला लागले होते. मोठीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा चेंडू असा झेपावून अडवला की सगळं मैदान उठलं. सर म्हणाले, ‘बस खाली.’ असं त्यांनी तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा जाकीट घालताना मला कळलं की मी तिथे गोलकीपर नव्हते. मी धाक होते.

संध्याकाळी जिन्यात सर मॅनेजरबाईंना सांगत होते, ‘हिला रेषेवर आणली की ती जागी होते. हिला अशीच खेळवत ठेवायची.’ मी वरच्या पायरीवर होते. तोच शब्द उचलून मी कार्डावर लिहिला. बाईंनी वाचला आणि छान लिहिलंस म्हणाल्या. मला हसू आलं. वाटलं, बाईंना फसवलं, आता मामा बरोबर ऐकेल. ‘खेळले’ लिहिलं नाही, ‘खेळवलं’ लिहिलं. अक्षर वाईट आलंय हेही मुद्दाम लिहिलं, म्हणजे खांदा कळेल.

आणि तुझी तार आली. ‘खेळवू दे. नाही म्हणू नकोस.’

मी ती हॉटेलच्या बाथरूममध्ये जाऊन वाचली. मला वाटलं, मामाला सगळं ऐकू आलं, आणि ऐकून तो म्हणतोय, सोस. वाटलं, यात काहीतरी असेल जे मला दिसत नाही आणि त्याला दिसतं. मी हो सांगितलं.

पुढच्या देशात पहिल्याच दिवशी सरांनी मला सामानासारखं उसनं दिलं. समोरच्या संघाची एक गोलकीपर आजारी होती, त्यांना सरावाला कुणीतरी हवं होतं. त्यांच्या सरांनी मागितलं, आमचे म्हणाले, घ्या. मी त्यांचं पिवळं बंडी-जाकीट घातलं आणि त्यांच्या पोरी ओळीनं चेंडू मारत गेल्या. मामा, मी चांगली उभी राहिले. हे मी तुला सांगते कारण दुसरं कुणी पाहिलं नाही. त्या परक्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. आपल्या देशाची जर्सी आत होती, वर त्यांची. इतक्या दूर जाऊन मी ज्या एका गोलमध्ये उभी राहिले, तो दुसऱ्या देशाचा होता.

शेवटी शेवटी एक चेंडू वरच्या कोपऱ्यात आला. मी गेले. अडवला. आणि खाली आले तेव्हा हात माझ्याबरोबर आला नाही.

त्यांच्या सरांनी मला नव्या हातमोज्यांची जोडी दिली. ती उशाशी आहे. आमच्या सरांनी अहवालात लिहिलं, ‘हॉटेलच्या जिन्यात घसरली.’

शस्त्रक्रिया झाली. हात खांद्याच्या वर जात नाही, जाणारही नाही म्हणतात. केस शेजारच्या खाटेवरची बाई विंचरून देते. नर्सिंगचंही विचारलं इथल्या एका सिस्टरला. ती म्हणाली, पेशंट उचलायला दोन्ही हात लागतात गं.

न्हाव्याला सांग, भिंतीला भोकं पडली नाहीत. भिंत तिथे नव्हतीच.

आणि मला एवढंच कळव: कार्ड वाचलंस तेव्हा तुला ऐकू आलं होतं की नाही? ऐकू आलं असेल तर तू मला जा म्हणालास. आलं नसेल तर मी माझा खांदा कुणाच्या कानावर टाकला होता? दोन्हीपैकी मला कुठलं हवंय, ते माझं मलाच ठरत नाही.

जर्सी परत केली. धुऊन.

भिंत

२८ मे

भिंत,

तुझं पत्र मी शिडीवर बसून वाचलं. खाली उतरून वाचायला हवं होतं.

मंगळवारी मी आणि ताई तुला न्यायला येतोय. गाडी सांगितली आहे, मागचा बाक लांब आहे, तुला आडवं होता येईल. मागची खोली रिकामी केली. डबे पुढे आणले. तिथे आता टर्पेंटाइनचा वास येतो, पण दोन दिवसांत जाईल. खिडकीला काच बसवून घेतली.

पाटी पुसायला गेलो होतो. लाल रंग भिंतीत मुरलाय, पांढऱ्याचे दोन हात मारले तरी खालून गुलाबी दिसतो. न्हावी आला. त्याला मी सगळं सांगितलं, त्याला सांगायचं नव्हतं तरी. तो भिंतीजवळ गेला आणि म्हणाला, ‘पेंटर, पुसता कशाला? ‘ळ’ आणि ‘ली’च्या मध्ये जागा आहे. तेवढा एक ‘व’ घाला.’ मी बघितलं. आहे जागा. बरोबर एका ‘व’ची आहे. ‘आपल्या चौकातली मुलगी देशाकडून खेळवली.’ ‘गेली’ राहतं, पण ते लोक आपलं आपण वाचतील. मी ब्रश भिजवलाही होता. मग वाटलं, येणारीजाणारी प्रत्येक बस हे वाचणार आणि तू येताना त्याच थांब्यावरून येणार. तिसरा हात मारला.

इतकी वर्षं मी लोकांची अक्षरं सुधारत आलो. तुझं एकच अक्षर होतं.

तू जे विचारलंस त्याचं. हे बघ, ते कार्ड मी किती जणांना वाचून दाखवलं होतं, मी तुला लिहिलंच होतं. शिंपी होता, गोदामवाला होता, थांब्यावरचे ते दोघे होते, त्यांचा तर काही संबंधच नव्हता. एकालाही त्यात दुसरं काही दिसलं नाही. ‘खूप खेळवलं’ म्हटल्यावर माणूस काय समजणार? कुणीही तेच समजलं असतं. मी एकटा नाही चुकलो, एवढंच माझं म्हणणं. जास्त काही म्हणायला तोंड नाही.

शाळेच्या बाईंना तू येणार नाहीस म्हणून सांगितलं.

खाली जागा ठेवली आहे. ताई म्हणते, मला चार ओळी लिहायच्यात. तिनं आजवर कधी पत्राला हात लावलेला नाही, पण म्हणते तर लिहू दे. मी वाचणार नाही. तिनं लिहिलं की चिकटवून टाकतो.

मामा

बाळ,

मंगळवारी येतो. सैल बाह्यांची दोन पोलकी शिवली आहेत, पुढून बटणं लावलीत, म्हणजे हात वर न करता घालता येतील. हातमोजे तिथे विसरू नकोस.

मामावर रागवायचं तर रागव. पण कुणालाच कळलं नाही असं तो लिहितोय, तेवढं खरं नाही. कार्ड त्यानं वाचलं तेव्हा मी म्हटलं होतं, पोरीला खेळवतायत, खेळू देत नाहीत, परत बोलाव तिला. तो म्हणाला, ताई, तुला नीट ऐकू येत नाही.

आई